ड्रायर घुमतो पण फिरत नाही : सोलापुरातल्या एका घरातलं प्रकरण

आमच्याकडे ‘ड्रायर’ म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा उजवीकडचा छोटा टब. गरम हवेनं कपडे वाळवणारं वेगळं यंत्र सोलापुरात सहसा कुणी घेत नाही. उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे असतो आणि सकाळी गच्चीवर टाकलेली चादर दुपारपर्यंत कडकडीत वाळते. वाळवणं सोपं आहे, जड जातं ते पिळणं.

आमच्या घरात पिळण्याचा प्रश्न हा आत्यांच्या मनगटांचा प्रश्न आहे. (सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा.) आत्यांनी तीस वर्षं घरी बसून विड्या वळल्या. आता त्यांची मनगटं चपातीची कणीक मळतानाही कुरकुरतात. मामा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, होते, त्यामुळे घरात चादरी आणि टर्किश टॉवेल कधी कमी पडले नाहीत. पण जाड सुती चादर पाण्यातून काढली की ती उचलायलाच दोन माणसं लागतात. ड्रायर बंद पडला की आत्या कुणाला न सांगता हातानं पिळायला बसतात आणि रात्री मनगटांना बाम चोळत राहतात. म्हणून हे प्रकरण मी मनावर घेतलं आणि पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवलं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे, सध्या शाळेत विज्ञान शिकवते. मल्टीमीटर घरात आहे, पण ड्रायर याआधी कधी उघडला नव्हता.

मशीन नऊ वर्षांचं, सात किलोचं. घर अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते पिण्या-स्वयंपाकाला साठवतो. धुणं सगळं बोअरच्या पाण्यावर. बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीच्या आतून पांढरी कड धरते. हे पाणी पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

तक्रार

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रायर सुरू व्हायला वेळ घेऊ लागला. पूर्वी टायमर फिरवला की क्षणात वेग पकडायचा. आता आधी दोन-तीन सेकंद नुसता ‘घूंऽ’ असा आवाज, मग भरलेली बैलगाडी चढाला लागावी तसा ड्रम हळूहळू हलायचा. पाच मिनिटांनी काढलेल्या कपड्यांतून पाणी ठिबकत असायचं.

मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी आवाज ऐकला, “कंडेन्सर गेलाय” म्हणाले (मोटारीला उचलायला जोर देणारी डबी), दहा मिनिटांत बदलून दिला. ४५० रुपये घेतले. ड्रायर पुन्हा झकास फिरायला लागला आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

तो जेमतेम तीन आठवडे चालला. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत, तैलाभिषेकाच्या आदल्या रात्री तोच आवाज पुन्हा आला. माझे दीर यात्रेत मिरवणारे उंच नंदीध्वज धरणाऱ्यांत असतात. तैलाभिषेक, अक्षता, होम असे लागोपाठ तीन दिवस पांढरी बाराबंदी (बंद बांधायचा अंगरखा) अंगावर हवी, आणि तेलाचे, घामाचे डाग पडले की ती रात्रीतून धुऊन सकाळपर्यंत वाळायला हवी. त्या रात्री ड्रायर घुमला, ड्रम सावकाश फिरला, चार मिनिटांनी गरम वार्निशसारखा वास आला. मी प्लग काढला. आत्यांनी बाराबंद्या हातानंच पिळल्या. मेकॅनिकना फोन केला तर म्हणाले, “मग मोटार गेली ताई. २,४०० होतील, मजुरीसकट.”

मोटार टाकून घेतली असती तरी चाललं असतं. पण पहिल्या दुरुस्तीनं तीन आठवडे चाललेली वस्तू दुसरीनं किती दिवस चालेल, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. कंडेन्सर बदलल्यावर ड्रायर बरा झाला होता, हे डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तो नवा असताना पुन्हा तेच का झालं?

आधी कुठे शोधलं

पहिली नोंद व्होल्टेजची. कमी दाबावर मोटार घुमते पण उचलत नाही, कारण तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. सॉकेटला २३१ व्होल्ट मिळाले, ड्रायर चालू असताना २२६. दोष तिथे नव्हता. त्याच वेळी फेज आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज पाहिलं, तेही ठीक होतं. पाण्याच्या यंत्राला अर्थिंग नसेल तर बाकी काहीही उघडण्याआधी ते करून घ्यावं, याबाबत माझं मत पक्कं आहे.

दुसरी नोंद कंडेन्सरची, म्हणजे कपॅसिटरची. आमच्या मशीनमध्ये एकाच डबीत दोन आहेत: १० मायक्रोफॅरडचा धुण्याच्या मोटारीला, ५ चा ड्रायरच्या मोटारीला. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी टोकांना टेकवल्या आणि तो उतरवला. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढतात ती पद्धत वाईट आहे, त्यानं कपॅसिटर आणि डोळे दोन्हींना धोका असतो.

मेकॅनिकनी काढलेला जुना कपॅसिटर मामांनी खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात ठेवला होता. मामा काहीच टाकत नाहीत. त्याची १० ची बाजू ९.३ भरली आणि ५ ची फक्त ३.१. म्हणजे ३८ टक्के क्षमता गेलेली. असा कपॅसिटर एकदम मरत नाही. आतल्या पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा मुलामा असतो. पट्टीत कुठे छिद्र पडलं की तिथला मुलामा उडून जातो, शॉर्ट टळतो, पण तेवढी क्षमता कायमची कमी होते. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की मोटारीच्या दुसऱ्या वाइंडिंगला (आतल्या तारेच्या गुंडाळीला) मिळणारा करंट घटतो आणि उचलण्याचा जोर जातो. मेकॅनिकचं निदान खोटं नव्हतं. नवा कपॅसिटर ४.९ दाखवत होता, तोही ठीक.

तिसरी नोंद मोटारीची. तिच्या तीन वायरींत दोन-दोन धरून रेझिस्टन्स मोजला: ३८, ६१ आणि ९९ ओहम. एकफेजी मोटारीत सगळ्यांत मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. ३८ आणि ६१ ची बेरीज ९९. वाइंडिंग तुटलेलं नव्हतं. मैत्रिणीच्या कॉलेजातून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणून वाइंडिंग आणि मोटारीच्या लोखंडी अंगामधलं इन्सुलेशन पाहिलं, ते २० मेगाओहमच्या वर होतं. करंट अंगावर उतरत नव्हता.

इथे माझे दोन दिवस वाया गेले. वाइंडिंगचे काही वेढे आपसात चिकटले असतील तर मल्टीमीटरवर ते सहज कळत नाही, असं मी शिकले होते. मग हेच असणार, असं मी मनाशी धरून बसले. मोटार मागवायला दुकानात फोनही केला. सगळी मापं बरोबर येत असताना मी मापात न येणारा दोष शोधत होते, आणि एक साधी गोष्ट अजून केलीच नव्हती.

हातानं फिरवून पाहणं

तिसऱ्या दिवशी टब पुसायला हात घातला. प्लग काढलेला होता. ड्रम हातानं ढकलला तर तो पाव फेराही गेला नाही, जागीच थांबला.

आता रचना थोडी सांगायला हवी. ड्रायरची मोटार बरोबर टबाखाली असते. धुण्याच्या बाजूला पट्टा आणि गिअर असतात, इथे मध्ये काहीच नसतं. मोटारीचा दांडा कपलिंगनं थेट ड्रमच्या शाफ्टला जोडलेला. शाफ्ट टबाच्या तळातून खाली येतो तिथे रबरी सील असतं, पाणी मोटारीवर उतरू नये म्हणून. आणि कपलिंगच्या चकतीला बाहेरून धरणारा छोटा ब्रेक असतो. झाकण उघडं असलं की स्प्रिंग ब्रेकला चकतीवर दाबून ठेवते. झाकण लावलं की त्याचा खटका एक तार ओढतो, तार ब्रेकचा दांडा मागे खेचते आणि चकती मोकळी होते. झाकणाखालीच एक स्विचही असतो. झाकण उचललं की आधी करंट तुटतो आणि लगेच ब्रेक बसतो. फिरत्या ड्रममध्ये कुणाचा हात जाऊ नये म्हणून ही दुहेरी सोय आहे.

तेव्हा झाकण उघडं असताना ड्रम घट्ट असणं बरोबरच. पण झाकण लावून स्विच दाबलेल्या स्थितीत, कडेच्या फटीतून लाकडी पट्टीनं ड्रम ढकलला तरी तो अर्ध्या फेऱ्यात थांबला. निरोगी ड्रायरचा ड्रम असा ढकलला की काही फेरे आपसूक फिरत राहतो. उघड्या आणि लावलेल्या झाकणात फरक जाणवत होता, म्हणजे ब्रेक सुटत होता, पण अर्धवट.

अर्धवट सुटलेला ब्रेक की जाम झालेलं बेअरिंग, हे ठरवायला मागचं पॅनेल काढलं. एका हातानं ब्रेकचा दांडा पूर्ण मागे दाबून धरला आणि दुसऱ्यानं कपलिंग फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं. बेअरिंग ठीक, मोटार ठीक. ड्रायरचा ब्रेक सतत घासत होता.

तीन आठवड्यांचं कोडं इथे सुटलं. दोन दोष एकावर एक बसले होते. ब्रेक हळूहळू जड होत होता आणि कपॅसिटर हळूहळू दुबळा. नव्या कपॅसिटरनं मोटारीला जोर दिला, तेवढ्या जोरावर ती घासणाऱ्या ब्रेकला ओढत राहिली. पुढे ब्रेक आणखी जड झाला आणि तो जोरही अपुरा पडला. ५० हर्ट्झवर अशी मोटार मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या थोडी खाली फिरायला हवी. तिला त्याच्या तिसऱ्या हिश्शावर कोंडून ठेवलं की घेतलेली बरीचशी वीज उष्णता होऊन आत साठते. तो वाइंडिंगवरच्या वार्निशचा वास याचाच होता. नवी मोटार टाकली असती तर तीही याच ब्रेकखाली भाजली असती.

मामांना दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, दांड्याला बोटानं हलवून बघितलं. “बाणा, आडवा धागा, तुटला की माग थांबतो तो ब्रेकवरच. पण ब्रेक सुटला न्हाई तर माग चालत न्हाई, पट्टा जळतो. हितं पट्टा न्हाई म्हणून मोटार तापली. दांडा का अडकलाय ते बघ आधी.”

दांडा का अडकला

ब्रेकचा दांडा ज्या खिळीवर फिरतो ती गंजून फुगली होती. झाकणाचा खटका तार ओढायचा, पण दांडा पुरता हलायचा नाही. वरचा प्लास्टिकचा खटका थोडा वाकायचा आणि ओढ तिथेच संपायची. खिळीवर गंज, कपलिंगच्या बोल्टवर गंज, मोटारीच्या डोक्यावर तपकिरी ओघळ आणि त्याच्या कडेनं पांढरे क्षार. पाणी वरून येत होतं, शाफ्टच्या सीलमधून.

सील गळतंय याची खात्री केली. पाणी सोडण्याचा पाइप उंच बांधला, ड्रायरच्या तळात दोन लिटर पाणी ओतलं आणि मशीन बंद ठेवून मागून बॅटरी मारून पाहत बसले. चौथ्या मिनिटाला पहिला थेंब पडला, मग पाच-सहा सेकंदांनी एकेक.

सील नऊ वर्षांचं होतं. झिजलं असेल, बदलू, असं म्हणून मी थांबले असते. पण जाता जाता आत्यांना विचारलं, ड्रायरच्या तळात कधी पाणी दिसतं का.

“रोजच राहतंय की गं,” आत्या म्हणाल्या. “धुणं झालं की मी फडक्यानं टिपून घेते. मोरीचा कट्टा बांधला तेव्हापासनं.”

दोन वर्षांपूर्वी मोरीला फरशी बसवताना पाणी बाहेर येऊ नये म्हणून गवंड्यानं वीतभर उंच कट्टा केला होता. तेव्हापासून मशीनचा पाइप त्या कट्ट्यावरून आत टाकलेला. पाइप मध्येच उंच गेल्यामुळे त्याच्या उंचीइतकं पाणी मागे, म्हणजे ड्रायरच्या तळातच, उभं राहत होतं. धुण्याच्या टबचं पाणी सोडलं की ते आधी इथे चढायचं. आत्या टिपून घेत होत्या, पण ड्रमखालच्या खोलगट जागी, सीलभोवती, फडकं पोचत नाही. बोअरचं क्षाराचं पाणी तिथे रोज उभं राहायचं, रोज आटायचं. शाफ्टवर दगडी कवच चढलं होतं, नखानं खरवडलं तर हाताला खरखरीत लागत होतं. दर फेऱ्याला हे खरखरीत कवच सीलच्या मऊ ओठाला घासत होतं.

दोन वर्षं आत्यांना हे माहीत होतं. मेकॅनिकनी त्यांना विचारलं नाही आणि तीन दिवस मल्टीमीटर घेऊन बसलेल्या मीही विचारलं नाही. ज्या बाईचा हात रोज त्या टबात जातो, तिला पहिला प्रश्न विचारायला हवा होता. मी यापुढे कुणाचंही यंत्र पाहायला गेले तर मीटरच्या आधी वही काढणार आहे. आत्यांना आधी न विचारल्याची मला खरोखर खंत वाटली, कारण तोवर आत्यांनी यात्रेचे आणि त्यानंतरचे सगळे कपडे हातानं पिळले होते.

दुरुस्ती

रविवारी सकाळी मी आणि मामा बसलो. प्लग काढून तो मामांनी शेजारी डोळ्यासमोर ठेवला. मागावर हात घालण्याआधी ते असंच करायचे म्हणे, पट्टा उतरवून दिसेल असा टांगायचा.

सगळ्यांत जास्त वेळ कपलिंगच्या बोल्टनं खाल्ला. १० नंबरचा पाना बसत होता, पण बोल्ट गंजानं धरला होता. माझा कल जोर लावण्याकडे होता. मामांनी थांबवलं. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी बोल्टभोवती गुंडाळली, दोन तास तशीच ठेवली, मग छोट्या हातोडीनं डोक्यावर हलके ठोके दिले आणि आधी किंचित आवळून मग सैल केला. अशा बोल्टचं डोकं मुरगळलं तर शाफ्ट कापण्यापर्यंत वेळ येते. तिथे दोन तास वाट पाहणं स्वस्त पडतं.

ड्रम वर उचलून काढला. तळात एक मोजा, दोन बटणं आणि एक रुपयाचं नाणं सापडलं. मोजा शाफ्टला गुंडाळला गेला असता तर तोही ड्रम जाम करायला पुरेसा होता. ड्रमवर कपडे दाबून ठेवणारी प्लास्टिकची चकती न लावता ड्रायर चालवला की छोटे कपडे असे उडून खाली जातात. आमच्याकडे ती चकती वर्षभर कपाटामागे पडली होती. आता ती परत आली आहे.

शाफ्टवरचं क्षाराचं कवच सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्यात, फडकं भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवल्यावर फेसाळत सुटलं. नंतर स्वच्छ पाण्यानं पुसून, सील ज्या पट्ट्यात बसतं तेवढा भाग अगदी बारीक पॉलिश पेपरनं गोल गोल घासून गुळगुळीत केला. इथे घाई केली असती तर नवं सीलही काही महिन्यांत कापलं गेलं असतं. नवं सील नव्या पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात १३० रुपयांना मिळालं. जुनं सील हातात घेऊन गेले ते बरं झालं. दिसायला एकसारखी तीन सीलं काउंटरवर होती आणि आतलं भोक तिघांचं वेगळं. बसवताना ओठाला रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटभर लावलं.

ब्रेकची खिळी काढून, घासून, तिला मशीन ऑइलचा एक थेंब दिला. मामांची सक्त ताकीद होती की तेल खिळीलाच, ब्रेकच्या लायनिंगला (चकतीला धरणाऱ्या पट्टीला) हातही लावायचा नाही. तेलकट लायनिंग पकडत नाही, आणि न पकडणारा ब्रेक हा घासणाऱ्या ब्रेकपेक्षा वाईट. लायनिंगचा वरचा काळा, चकचकीत थर मात्र पॉलिश पेपरनं हलका काढला. सतत घासून तो काचेसारखा झाला होता.

ड्रम परत बसवताना बोल्ट शाफ्टच्या सपाट केलेल्या जागेवरच टेकला पाहिजे. गोल बाजूवर आवळला तर तो काही दिवसांत घसरतो आणि मोटार एकटीच फिरत राहते. एकदा चुकला, परत काढून बसवला.

तारेची ओढ

सगळ्यांत नाजूक काम हे होतं, आणि घरी करणाऱ्यांनी इथे सगळ्यांत जास्त सांभाळावं असं मला वाटतं. ब्रेकची तार वरच्या खटक्याला एका भोकात अडकवलेली असते, शेजारी आणखी दोन भोकं असतात. तार सैल राहिली तर ब्रेक पुरता सुटत नाही, म्हणजे आमचा मूळ आजार. ती जास्त ताणली तर ड्रायर सुरेख फिरतो, पण झाकण उघडल्यावर ब्रेक बसतच नाही आणि ड्रम बराच वेळ भिरभिरत राहतो. घरात लहान मूल असेल तर ही चूक भयंकर आहे. याच कारणासाठी झाकणाचा स्विच जोडून टाकणं, म्हणजे झाकण उघडं ठेवूनही ड्रायर चालवणं, कुणीही, कधीही करू नये. मी एका ओळखीच्या घरी असं केलेलं पाहिलं आहे आणि तिथेच काढायला लावलं.

आम्ही तार एक भोक पुढे घेतली. झाकण लावल्यावर लायनिंग आणि चकतीमध्ये सगळीकडून फट दिसते का, हे मागून बॅटरी धरून पाहिलं. सव्वादोन-अडीच मिलिमीटर होती. झाकण उचलताना आधी स्विचचा ‘टिक’ ऐकू येतो आणि मग ब्रेक बसतो, हा क्रमही तपासला. रिकामा ड्रम पूर्ण वेगात असताना झाकण उचललं, सात सेकंदांत थांबला. टॉवेल घालून, नऊ सेकंदांत.

आकडे

दुरुस्तीच्या आधी आणि नंतर मी दोन मापं घेतली होती. ड्रमच्या वरच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पारदर्शक झाकणातून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ काढला. आधी दहा फेऱ्यांना २७० फ्रेम लागल्या होत्या, म्हणजे मिनिटाला सुमारे ५३३ फेरे. नंतर १०७ फ्रेम, म्हणजे सुमारे १,३४६ फेरे.

हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे, कारण कपड्यातून पाणी बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. आमच्या ड्रमची त्रिज्या १२ सेंटिमीटर आहे. ५३३ फेऱ्यांवर ड्रमच्या भिंतीलगत गुरुत्वाकर्षणाच्या ३८ पट जोर पडतो, १,३४६ वर सुमारे २४० पट. वेग अडीच पट, जोर सहा पटींहून जास्त.

दुसरं माप टॉवेलचं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. कोरडा टर्किश टॉवेल ४१० ग्रॅम. भिजवून मी हातानं पिळला तर ९६० ग्रॅम. बिघडलेल्या ड्रायरमधून पाच मिनिटांनी ८५०. दुरुस्तीनंतर तेवढ्याच वेळात ६४०. टर्किश टॉवेलच्या उभ्या फाशांमध्ये पाणी धरून राहतं, म्हणून मुद्दाम तोच घेतला होता. हातानं पिळलेल्या आणि नीट फिरलेल्या टॉवेलात ३२० ग्रॅमचा, म्हणजे जवळपास दीड ग्लास पाण्याचा फरक आहे. आत्यांना आकडा सांगितला नाही, टॉवेलच हातात दिला.

खर्च : सील १३०, पॉलिश पेपर २०, सिलिकॉन ग्रीस ६०, लिंबूसत्त्व घरातलं. कपॅसिटरचे ४५० आधीचे, आणि ते वाया गेले नाहीत.

कट्टा

सील नवं असलं तरी पाणी तिथेच उभं राहिलं असतं तर दोन वर्षांनी हेच पुन्हा घडलं असतं. कट्टा फोडायचा तर फरशी जाते. त्याऐवजी मशीन लोखंडी स्टँडवर चढवलं, त्यामुळे ते कट्ट्याच्या वर आलं आणि पाइप सरळ उतरत मोरीत जातो. स्टँड मामांनी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला. चारही पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाण्याच्या लेव्हलनं पाहिलं, कारण स्टँड डुगडुगला तर ड्रम थरथरतो आणि ती थरथर सरळ सीलवर येते.

चादर टाकण्याची सवयही बदलली. धुण्याच्या टबपेक्षा ड्रायरची क्षमता कमी असते, आमच्या मशीनला सात किलो धुणं चालतं पण ड्रायरला पाच. शिवाय ओली चादर गोळा करून कोंबली की एका बाजूला भार येतो आणि ड्रम टबावर आदळतो. आता चादरीची लांब घडी करून ती ड्रमच्या भिंतीलगत गोल बसवतो, एका वेळी एकच.

सहा महिन्यांनी

आषाढात पॅनेल पुन्हा उघडलं. मोटारीच्या डोक्यावर जुन्या ओघळांशेजारी नवा ओघळ नाही. खिळी मोकळी. फट अडीच मिलिमीटरच. कपॅसिटर ४.९. रिकामा ड्रम पट्टीनं ढकलला तर साडेसहा फेरे गेला. मामांनी पॅनेलच्या आतल्या बाजूला खडूनं सील बदलल्याची तारीख लिहून ठेवली आहे, मागाच्या बीमवर (ताण्याचा धागा गुंडाळलेल्या रुळावर) लिहायचे तशी.

एक गोष्ट राहिली आहे. झाकणाचा प्लास्टिकचा खटका, जो इतकी वर्षं अडकलेल्या दांड्याच्या ओढीनं वाकत होता, त्याला मुळाशी केसासारखी चीर दिसते. तार बांधून किंवा चिकटवून तो चालवायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे, कारण ब्रेक आणि स्विच दोन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. नवा खटका दुकानात सांगून ठेवला आहे. तो येईपर्यंत झाकण हलक्या हातानं लावायचं, आणि रोज पहिल्या वेळी रिकाम्या ड्रमवर झाकण उचलून तो दहा सेकंदांत थांबतो का ते पाहायचं. हे काम आत्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. त्या मोठ्यानं आकडे मोजतात.